त्या महिन्यात जन्मलेली बाळं

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा मला दिवस गेले. मालवणजवळ किनाऱ्यावरच्या एका वाडीत आमचं घर. घरात मी आणि सासू अशा दोघीच. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. नवरा मालवाहू बोटीवर इंजिनात काम करायचा. नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी. सासू पहाटे उठून मासळीबाजारात जायची ती दुपारी जेवायला परत यायची. मी बी.ए. झालेली, लग्नाआधी मालवणात कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. त्या शिक्षणाचा घरात कुणाला उपयोग नव्हता आणि त्रासही नव्हता.

तारीख गणपतीनंतरची होती. ऑगस्टमध्ये एका सकाळी पोटात काहीच हलेना. डॉक्टरांनी पोटावर यंत्र ठेवलं, पुन्हा ठेवलं, मग सासूला बाहेर बोलावलं. पुढचं सगळं व्हायचं तसं झालं, फक्त शेवटी रडण्याचा आवाज आला नाही. मला ग्लानी होती. "मुलगी होती," एवढं नर्स म्हणाली. सासू आणि चुलतसासरे तिला कापडात गुंडाळून घेऊन गेले. मी तिचं तोंड पाहिलं नाही. मला कुणी दाखवलं नाही, मी मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. हे कुणी सांगितलं नव्हतं. सासूने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझी छाती करकचून बांधली आणि म्हणाली, "देवान दिलां, देवान न्हेलां. आता त्याचां नाव काढू नको." नवऱ्याला निरोप पोचायला बरेच दिवस लागले. त्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "तू बरां आसस मा?" मी म्हटलं, "आसंय." त्यानंतर आमच्या घरात हा विषय संपला. सुतक नाही, बारावं नाही, भेटायला येणाऱ्या बायकाही नाहीत. ज्याचा जन्मच धरला नाही त्याचं मरण कोण धरणार?

महिनाभराने शेजारणीला मुलगी झाली. आमच्या दोन घरांच्या मध्ये रचलेल्या दगडांचा कमरेएवढा गडगा होता, त्यावरून सगळं दिसायचं. आम्ही दोघी बरोबरच गरोदर होतो, बरोबरच चिंचा खाल्ल्या होत्या. बारशाला मला बोलावणं आलं नाही. मला वाईट वाटलं नाही असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवरा रजेवर आला आणि कुडाळहून कॉम्प्युटर घेऊन आला. बंदराला लागल्यावर त्याला ईमेल करता यावा, मलाही विरंगुळा व्हावा, हा त्याचा हेतू. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. ते जोडलं की फोन बंद. जोडताना यंत्र किंचाळल्यासारखा आवाज काढायचं, तेव्हा सासू कानावर हात ठेवायची. रजा संपवून तो गेला. पहिले दोन महिने मी खरंच फक्त त्याला पत्रं लिहिली. त्याची उत्तरं चार ओळींची असायची. हवामान, जेवण, कुठलं बंदर. माणूस वाईट नव्हता. त्याला यापलीकडे लिहिता येत नव्हतं.

एका दुपारी सासू जेवून लवंडली होती आणि मी उगाच काहीतरी शोधत होते. खरं सांगायचं तर मी शोधत होते की आठव्या महिन्यात बाळाचे ठोके का थांबतात. ते शोधता शोधता आयांसाठी असलेल्या एका जागेवर पोचले. जगभरच्या बायका तिथे प्रश्न विचारायच्या आणि एकमेकींना उत्तरं द्यायच्या. आत जायला एक फॉर्म होता. आपलं नाव, गाव आणि बाळाची जन्मतारीख. तारखेची जागा रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे सरकेना. लाल अक्षरं यायची. तीनदा प्रयत्न केल्यावर मी डॉक्टरांनी दिलेली तारीख भरली, मुलगी जन्माला यायची होती ती. बटण दाबलं आणि मला एका खोलीत नेऊन बसवावं तसं झालं. 'या महिन्यात जन्मलेली बाळं' असं त्या खोलीचं नाव होतं. सगळ्यांची बाळं एकाच वयाची. त्यात आठ-दहा जणी मराठी होत्या, त्या इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "तुझी बसायला लागली का गं?"

मी गडग्यापलीकडे पाहिलं. शेजारणीची मुलगी गोधडीवर बसली होती आणि एका बाजूला कलंडत होती.

"बसते," मी लिहिलं. "पण कलंडते."

पाच जणींनी उत्तर दिलं. एक म्हणाली मागे उशी ठेव, दुसरी म्हणाली घाई करू नकोस. मी यंत्र बंद केलं आणि चुलीवरच्या पाण्याकडे पाहत बसून राहिले. मला भीती वाटली नाही. मला खूप दिवसांनी भूक लागली.

त्यानंतर मी रोज जायला लागले. आधी दुपारचा अर्धा तास, मग सासू जागी होईपर्यंत, मग सासू बाजारात गेली की सकाळीही. मी मुलीला एक नाव दिलं होतं. ते इथे लिहिणार नाही. तिला दात आला, तिला ताप आला, तिने पेज थुंकली, ती "आये" म्हणाली. सगळं मी गडग्यापलीकडून उचललं. शेजारीण मुलीला न्हाऊ घालताना काय बोलते ते मी कान देऊन ऐकायची आणि आत येऊन लिहायची. ज्या दिवशी ती माहेरी जायची त्या दिवशी माझ्याकडे लिहायला काही नसायचं, मग मी कासावीस व्हायची, घरभर फिरायची, सासूवर डाफरायची.

हे खोटं आहे हे मला कळत होतं का, असं पुढे मानसोपचाराच्या डॉक्टरांनी विचारलं. कळत होतं. पण खोटं बोलताना छातीत धडधडतं तसं तिथे व्हायचं नाही. उलट बाहेर, घरात, मूल न झालेली बाई म्हणून वावरताना मला खोटं बोलल्यासारखं वाटायचं. आमच्या घरात माझ्याशी जे बोललं जायचं ते सगळं कामाचं असायचं. पाणी भर, सुकत घातलेली मासळी आत घे, भात वेळून पेज काढ. "तू आज काय केलंस?" असं मला त्या खोलीतल्या बायकांखेरीज कुणी विचारत नव्हतं. त्यांच्यात नाशिकची एक होती. तिचा नवरा फिरतीवर, घरात सासू-सासरे, आणि मुलगी आमच्या मुलीपेक्षा चार दिवसांनी लहान. 'आमच्या मुलीपेक्षा' असं मी आजही लिहिते. तिची माझी मैत्री झाली. ती लिहायची, "दिवसभरात तुझ्याशी बोलते तेवढीच मी माणसात असते." ती खरी आई होती, तिच्या मांडीवर खरी मुलगी होती, तरीही ती माझ्याइतकीच उपाशी होती. हे मला तेव्हा उमगलं नाही. मला वाटायचं, फसवतेय ती मी एकटी आणि सुखी आहेत त्या बाकीच्या सगळ्या.

घर हळूहळू सुटत गेलं. अंगणात सुकत घातलेले बांगडे एकदा पावसात भिजले. आभाळ भरलेलं मला खिडकीतून दिसत होतं, पण नाशिकची लिहीत होती आणि मला उठवेना. बाजारातून आलेल्या सासूने ती कुजकी रास पाहिली. ती आत आली, यंत्राकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "त्या डब्यात दुसरो घोव गावलो काय गो तुका?"

मी हसले. तिला ते आणखीनच लागलं. वाडीतही हेच बोललं जात होतं हे मला नंतर समजलं. पुरुष असता तर लोकांना समजलं असतं. रागावले असते, पण समजलं असतं.

नवरा एकदा अचानक तुटक बोलायला लागला. पुढे रजेवर आला तेव्हा त्याने कारण सांगितलं. "तीन बंदरांतसून तुका फोन लावलंय. कार्ड घेवन लायनीत उभो रवलंय. कायम एंगेज. मागची माणसां हसाक लागली." मी म्हटलं, तुलाच पत्र लिहीत असेन. तो म्हणाला, "माका पत्र इलां नाय." त्याने तिथेच सोडलं. मला वाटतं तोही वाडीतलं ऐकून होता आणि खरं कळण्याची त्याला भीती वाटत होती.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा नाशिकहून पार्सल आलं. मीच पत्ता दिला होता. आत पिवळा फ्रॉक, त्यावर हाताने भरलेली फुलं. नाशिकच्या मैत्रिणीने स्वतः भरली होती. तो मी दोन दिवस कपाटात ठेवला, पुन्हा पुन्हा काढून पाहिला. तिसऱ्या दिवशी गडग्याशी गेले आणि शेजारणीला म्हटलं, "तुझ्या चेडवाक घाल."

"कित्याक गो येवढो म्हाग फ्रॉक?" ती म्हणाली. पण तिला आनंद झाला. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी मी तिच्याशी मोकळी झाले. तिने मुलीला फ्रॉक घालून आमच्या ओटीवर आणलं. नवऱ्याचा कॅमेरा घरात होता. मी मुलीचे सात फोटो काढले, मालवणात जाऊन ते यंत्रात घालून घेतले आणि त्यातले दोन त्या खोलीत लावले. 'माझी लेक.' त्या दिवशी मला जितकी उत्तरं आली तितकी कधीच आली नव्हती. एकीने लिहिलं, "डोळे अगदी तुझे असणार." मी ते वाचलं आणि आरशात जाऊन माझे डोळे पाहिले.

डिसेंबरमध्ये नाशिकची म्हणाली, आम्ही कोकणात फिरायला येतोय, मालवणला दोन दिवस आहोत, पोरींना भेटवू. मी लिहिलं, आम्ही नेमक्या तेव्हा माझ्या माहेरी आचऱ्याला. ती हिरमुसली. मग मी तिच्यासाठी माहेरचं सगळं रचून सांगायला लागले. मुलगी मामाकडे कशी रमली आहे, वाळूत कशी खेळते. ते मालवणात होते त्या दुपारी, तीन वाजले असतील, ती परत गेल्यावर वाचेल म्हणून मी तेच लिहीत बसले होते. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पर्यटकांच्या गाड्या तेव्हा रोज यायच्या, मी उठले नाही.

मग अंगणातून आवाज आला, "अगं, घर तरी पाहून जावं म्हटलं, तर तू इथेच आहेस की! मावशीला ओळखलंस का?"

मी दारात आले. माझ्याच वयाची, जीन्स घातलेली एक बाई आमच्या अंगणात उकिडवी बसली होती. तिच्यासमोर शेजारणीची मुलगी उभी होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये. फ्रॉक आवडता म्हणून ती तो रोजच घालायची. बाईने तिला मी दिलेल्या नावाने हाक मारली. मुलगी नुसती पाहत राहिली. बाईने तिला उचलून कडेवर घेतलं. तिच्या नवऱ्याचा हात धरून एक लहान मुलगी गाडीशी उभी होती.

सासू विहिरीवर पाय धूत होती. ती पुढे आली. बाई हसून म्हणाली, "आजी, तुमची नात फोटोपेक्षा गोड आहे."

"खंयची नात?" सासू म्हणाली.

"ही. हिची मुलगी." बाईने माझ्याकडे बोट केलं. मला ती ओळखत नव्हती, पण दारात उभी होते म्हणजे मीच असणार.

तोवर शेजारीण गडगा ओलांडून आली होती. परक्या बाईच्या कडेवर आपली मुलगी पाहून तिने ती ओढूनच घेतली. "ह्यां माझां चेडू. तुमी कोण?"

नाशिकच्या बाईने पर्समधून दोन फोटो काढले. कागदावर छापून आणले होते तिने, मुलीला भेट म्हणून द्यायला. शेजारणीने ते पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. "ह्यो फ्रॉक," ती म्हणाली, आणि मुलीच्या अंगावरच्या फ्रॉकला हात लावला. मग म्हणाली, "आमचां चेडू तुझां कसां झालां गो?"

मला काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा घेणार?" हेच शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले.

नाशिकची बाई ओटीच्या पायरीवर बसली. तिने फक्त एक विचारलं, "तुला मूल नाहीये?" मी मान हलवली. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं, जणू माझ्या नजरेआड करावं तसं. ते मी पाहिलं. मग ते गाडीत बसून गेले.

आठवड्याभरात शेजारणीच्या मुलीला ताप भरला. साधा ताप होता, उतरलाही. पण तोवर माझी नजर लागल्याचं बोलणं वाडीभर झालं. देवळात माझं नाव न घेता गाऱ्हाणं घातलं गेलं. गडग्याच्या जागी चिऱ्याची भिंत आली, डोक्याच्या वर. मुलं माझ्यासमोर आली की त्यांच्या आया त्यांना हाक मारून घ्यायच्या. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. शेजारणीच्या जागी मी असते तर मीही भिंत घातली असती.

सासूने यंत्राची तार काढून कपाटात टाकली. माझे हात थरथरायचे. जेवण जाईना. चार दिवसांनी मी डोकं दुखतंय म्हणून गोळ्या आणायचं निमित्त केलं आणि मालवणच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. शेजारच्या खुर्च्यांवर कॉलेजची पोरं खेळ खेळत होती. त्या खोलीत नाशिकच्या बाईने सगळं लिहिलं होतं. खाली उत्तरं होती. 'आजारी आहे ही बाई.' 'किळस आली.' 'आपल्या मुलांचे फोटोही घेतले असतील का हिने?' एकीने लिहिलं होतं, माझंही पहिलं असंच गेलं, पण मी कुणाला फसवलं नाही. मी शेवटपर्यंत वाचलं. मग माझं नाव घालून आत जायला गेले तर माझ्यापुरती ती जागा बंद होती. मी पुन्हा नाव घातलं. पुन्हा. कॅफेवाल्याने येऊन विचारलं, "मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का?" तेव्हा मला कळलं की मी मोठ्याने रडत होते, आणि मुलीला दिलेलं ते नाव घेऊन रडत होते. माझी मुलगी त्या दिवशी मेली. तीन वर्षं चार महिन्यांची होती.

घरी आले तेव्हा सासू चुलीपुढे बसली होती. भात उकळत होता. ती चुलीकडेच पाहत म्हणाली, "डोक्यार केस होते. काळे, भरपूर. बोटां लांब. नाक तुझ्यासारखां, चपटां."

मला वाटलं माझे कान वाजताहेत.

"खंय ठेवलास तिका?" मी विचारलं.

"सुरूच्या झाडांखाली. वाळयेत." तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "थंय आता दर्या आसा. दोन वर्सांमागे धूप झाली, ती झाडां पण गेली."

"माका सांगूक काय झालां होतां?"

"तू इचारूक नाय," ती म्हणाली. आणि मग, "माका वाटलां, बोललां नाय तर इसारतलंस. माजी दोन गेली. माका खंय कोणी काय सांगलां?"

तिची दोन मुलं गेली होती हे मला लग्नाच्या सात वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी तिला मिठी वगैरे मारली नाही. आमच्याकडे ते होत नाही. मी भात वेळायला घेतला.

नवरा फेब्रुवारीत आला. त्याला वाडीतूनच सगळं समजलं. मी सांगायच्या आत तो कॉम्प्युटर पोत्यात बांधून कुणालातरी देऊन आला. मग मला गोव्यात एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते, गोळ्यांनी झोप आली. त्यांच्यासमोर नवऱ्याने एकच वाक्य उच्चारलं, मराठीत, शुद्ध, कचेरीत बोलावं तसं, "डॉक्टर, मला पण कुणी काही सांगितलं नव्हतं." पुढची रजा त्याने घेतली नाही, जास्तीची पाळी घेतली. आता येतो, राहतो, जातो. आम्हाला पुढे मूल झालं नाही.

त्याच उन्हाळ्यात सासूने फर्मान काढलं, "उद्यापासना माझ्यावांगडा बाजारात येवचां." मासळीबाजारातल्या बायका पहिले काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला टोपली लावायला जागा देताना पाय आखडून घ्यायच्या. त्याने बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. पण हात बर्फात असले की ते थरथरलेले दिसत नाहीत, आणि दुपार लहान होते. सासूचे गुडघे गेले, दोन हजार दहाच्या सुमारास तिने बसणं सोडलं, आणि तिच्या जागेवर मी एकटी बसायला लागले.

त्या वर्षी एक गिऱ्हाईक बाई, बाहेरगावची, मासे निवडता निवडता सहज म्हणाली, "मुलं किती तुम्हाला?"

"एक झाली होती," मी म्हटलं. "गेली. पोटातच."

इतकं सरळ मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या बाईने हातातल्या बांगड्याचा कल्ला उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "हे आजचेच आहेत ना?"

"आजचेच," मी म्हणाले, आणि सुरी घेतली.